तुटक रेघांचा हात

पेटंटच्या कचेरीत माझ्या टेबलावर सध्या एका सिरिंजचं चित्र आहे. तिच्या टोकाशी सेन्सर आहे, आणि सुई शिरेत शिरली की नाही हे ती स्वतःच सांगते म्हणे. असं आधी कुणी केलं होतं का, एवढंच मी तपासायचं. चित्रात सिरिंज ठळक रेघांनी काढली आहे आणि तिच्याखालचा हात तुटक रेघांनी. आमच्याकडे रीतच आहे तशी. जे शोधाचा भाग नाही, ते तुटक दाखवायचं. असे कितीतरी हात नजरेखालून गेले, कधी काही वाटलं नाही.

आज सकाळी दवाखान्यात बाबांना सलाइन लावताना शीर सापडेना. "काका, मूठ आवळा जरा," सिस्टर म्हणाल्या. बाबांनी तोंड फिरवलं आणि मला विचारलं, "मिळाली का गं?"

मी त्यांच्याकडे बघतच नव्हते. सुईचा कोन बघत होते, सेन्सर कुठे बसेल ते बघत होते. मग भानावर आले. उद्या ती सिरिंज येईल, शीर अचूक शोधेल, आणि मग खाटेशी उभ्या असलेल्या कुणालाच हाताकडे बघायची गरज उरणार नाही. मला तर ती आत्ताच उरली नव्हती.

"मिळेल, बाबा," मी म्हणाले. त्यांचा गार हात हातात घेतला आणि मनगटापासून कोपरापर्यंत कडेकडेनं बोट फिरवत गेले, रेघ कुठे तुटत तर नाही ना, हे बघत.