बाहेरच्या कापसाच्या वाती

आमच्या हिंगणघाटात सध्या कापसावरून घराघरांत दोन तट पडलेत, आणि आमचं बायकांचं भजनी मंडळ काही त्यातून सुटलेलं नाही. शेतीवाल्या म्हणतात, परदेशातल्या गाठी आणणं बंद करा, आमच्या कापसाला कोणी विचारत नाही. ज्यांची माणसं सूतगिरणीत आहेत त्या म्हणतात, त्या गाठी येतात म्हणूनच पाळ्या चालू आहेत. पूर्वी आम्ही जागा मिळेल तिथे बसायचो. आता बघा, शेतीवाल्या एका सतरंजीवर, गिरणीवाल्या दुसरीवर. माझा मुलगा गिरणीत, म्हणून मी दुसरीवर. पण माझी सगळ्यांत जुनी मैत्रीण बसते पहिलीवर. तिचं शेत वेणा नदीच्या पलीकडे.

तिच्याकडे वेचणी सुरू करताना शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, शीतादही म्हणतात त्याला. त्या दिवशी वेचलेला पहिला कापूस ती मला आणून देते, आणि कार्तिकातल्या काकड आरतीसाठी मी त्याच्या वाती वळते. कितीतरी वर्षांचा रिवाज आहे हा. यंदा कापूस देताना ती म्हणाली, "सोमवारी आमी हायवेवर बसनार आहो. बाहेरचा कापूस बंद करा म्हणून. तू येजो."

माझ्या डोळ्यांपुढे मुलगा आला. "बाई, माया गुडघा लय दुखून राह्यला," मी म्हटलं. गुडघ्याला काही झालं नव्हतं. ती "बरं" म्हणाली, आणि वर शेकायला सांगून गेली. ते शेकायला सांगणं जास्त लागलं मला. सोमवारी मी घराबाहेर पडले नाही.

तिचा कापूस यंदा परतीच्या पावसात भिजलेला, पिवळट, पानांचा कचरा अडकलेला. हातात घेतला की ते खोटं आठवे. मुलाने मागे एकदा नुसता दाखवायला म्हणून परदेशी कापूस पुडीत आणला होता. पांढराशुभ्र, लांब धाग्याचा. मी सहज एक वात वळून पाहिली. इतकी सरळ वळली की मग दुसरी वळली, तिसरी वळली, आणि पुडी संपली. तिचा कापूस डब्यातच राहिला.

काकड आरतीच्या पहाटे देवळात निरांजन नेमकं तिच्याच हाती आलं. तिने वात चिमटीत फिरवली.

"हा माया कापूस नाई."

"पोरानं आणलता. गिरणीतला."

"बाहेरचा?"

"हो."

मागून एक गिरणीवाली हळूच म्हणाली, "जहाजात बसून आला बिचारा, देवाजवळ तरी बसू द्या त्याले."

"तुमच्या सतरंजीवर बसवा ना मग," शेतीवाल्यांतून उत्तर आलं. थोड्या हसल्या. मैत्रीण हसली नाही.

"माया कापूस कुठी आहे?"

"घरी. डब्यात."

"वळला काऊन नाई?"

"आत्ता आणतो," म्हणत मी उठले, पायऱ्या उतरले, गल्ली ओलांडून डबा घेतला आणि धापा टाकत परत आले. आरती माझ्यासाठी थांबलेली. मी तिच्यापुढे मांडी घालून बसले आणि वात वळायला लागले. ती माझ्या पायांकडे बघत होती.

"गुडघा बरा झाला वाट्टे," ती म्हणाली.

माझे हात थांबले. "दुखतच नव्हता वो."

"समजलं मले. वळ आता, उजाडून राह्यलं."

वळली. वाकडी झाली. तीच लावली तिने, आणि आरती संपेपर्यंत मला ना देवाकडे बघवलं, ना तिच्याकडे.