ह्यांचा जपानी प्रश्न

आधीच सांगून टाकते, देवदेव करणाऱ्यांतली मी नाही. भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मला जांभया येतात. कुणाच्या अंगात आलं तर समोरून सरळ उठून जाणारी मी. तरीपण हे घडलंय... आणि माझ्यासमोर घडलंय.

गोष्ट छप्पन्न-सत्तावन्न सालची. आमचं शेत जुन्नरजवळ, लेण्याद्रीच्या डोंगराच्या पायथ्याला. बांधावर उभं राहिलं की समोर शिवनेरी. आमचे हे पलटणीत होते, मलायात जपान्यांच्या कैदेत सापडले. परत आले ते हाडांचा सापळा होऊन आणि थोडं जपानी शिकून. तिथला एक पहारेकरी म्हणे बरा होता, लांबच्या वस्तू दाखवून बोलायला शिकवायचा.

लग्नानंतर ह्यांनी तेच मला शिकवलं. खुरपताना मध्येच उठायचे आणि बोट लांब करून विचारायचे, "आरे वा नान देस का?" म्हणजे, ते तिकडं लांब आहे ते काय? मी म्हणायची, "आरे वा शिवनेरी देस." वस्तूंची नावं आमचीच, मागचंपुढचं तेवढं जपानी. "आरे वा भाऊजींची बैलगाडी देस." शेजारच्या बायका हसून बेजार व्हायच्या. मला मात्र फार गोड वाटायचं, खोटं कशाला सांगू.

पुढे माझ्या लक्षात आलं, हा नुसता खेळ नाही. ह्यांना लांबचं दिसतच नव्हतं. कैदेतल्या उपासमारीनं नजर गेली होती, हातभर अंतरापलीकडे सगळं धुकं. भावकीत कळू नये म्हणून ही युक्ती. मीही कधी बोलले नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची – त्यांनी विचारायचं, मी सांगायचं.

आमची शकू चार वर्षांची होती. एका दुपारी शेळीच्या करडामागं गेली ती दिसेना. विहिरीत डोकावलं, ज्वारीत शोधलं, हाका मारून घसा बसला. दिवस कलला, आणि वरच्या अंगाला तर बिबट्याचा वावर होता. नुकतीच शेजारची शेळी नेली होती. धावत बांधावर आले, तर हे डोंगराकडे तोंड करून उभे. बोट लांब करून म्हणाले, "आरे वा नान देस का?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पोर सापडेना आणि ह्यांना खेळ सुचतोय, असं म्हणणार होते, पण हुंदका आला आणि दोन्ही हातांनी पदर तोंडात कोंबला. एक शब्द फुटला नाही.

ह्यांनी मान हलवली आणि चालू लागले. एरवी माझ्या खांद्यावर हात ठेवून बांध ओलांडणारा माणूस, दगडधोंड्यांतून सरळ समोरचं टेकाड चढला. मी मागं. पलीकडच्या घळीत, घाणेरीच्या जाळीत शकू बसली होती... पाय कपारीत अडकलेला, करडू मांडीवर. ह्यांनी तिला सोडवून उचललं आणि तिथेच मटकन खाली बसले.

घरी येताना मी विचारलं, "तुमाला दिसली कशी?"

"मला काय दिसतंय? तुला ठावं हाय की." इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ह्यांनी ते कबूल केलं.

"मंग?"

"म्या इचारलं, तू सांगितलंस. माझं बोट धरून टेकाडाकडं वळवलंस, आन् म्हनालीस, 'आरे वा मुसुमे देस.'"

"मुसुमे म्हंजी?"

हे चालता चालता थांबले. "लेक," म्हणाले. मग शकूला खांद्यावर सावरून घेत, "ह्यो शबूद म्या तुला कदी शिकवलाच न्हाई."

नंतर कितीदा तरी मी त्या बांधावर उभी राहिले. चांगल्या डोळ्यांनाही टेकाडापलीकडची घळ दिसत नाही. आता हे नाहीत, शकूला नातवंडं आहेत, आणि उलगडा काही मला झालेला नाही. माझे दोन्ही हात माझ्या तोंडावर होते. ह्यांचं बोट कुणी धरलं, ठाऊक नाही. जे कोण होतं ते कधी दारात आलं, तर मी घाबरणार नाही. पाट मांडून जेवायला वाढीन.