लोखंडाला मज्जाव

आमच्या लॅबमध्ये जंतूंपेक्षा किस्से लवकर वाढतात. जंतूंना निदान इनक्युबेटर तरी लागतो! त्यातून मी पहिल्यापासून भित्री, त्यामुळे बरेचसे किस्से माझ्या घाबरण्याचेच आहेत.

*

आमचं काम घटसर्पाच्या जंतूवर. काचेची भांडी धुणाऱ्या काशीबाईंना सरांनी एकदा ते समजावलं. "हा घशात बसतो. लोखंड मिळतंय तोवर विषाच्या जीनचं बटण बंद. लोखंड संपलं की बटण चालू, विष तयार!"

काशीबाई म्हणाल्या, "म्हंजे आमच्या मालकावानीच की! पोट भरलं की गप, उपाशी ऱ्हायले की लई बोंब!"

सरांनी पुढं हेच उदाहरण वर्गात दिलं.

*

म्हणून जंतूंचं खाद्य, म्हणजे मीडिया, त्याच काचेच्या भांड्यांत बनवताना त्यात लोखंड जायला नको. नाहीतर विषारी जंतूही साळसूद दिसतो. सरांनी याचा इतका धसका घेतला, की मीडियाच्या खोलीतली लोखंडी स्टुलंच बाहेर काढली. टेक्निशियन रफिकभाईंनी शहागंजच्या बाजारातून प्लास्टिकची आणली. पहिल्याच दिवशी सर बसले आणि स्टूल मोडलं!

त्यांना उठवता उठवता रफिकभाई म्हणाले, "सर, लोहे का होता तो नै टूटता!"

*

मला तेव्हा सातवा महिना होता. सरांनी विचारलं, "लोहाच्या गोळ्या घेतेस?"

"हो."

"मग मीडियापासून लांब राहा!"

ते थट्टा करत होते. मी चार दिवस दारात उभी राहून काम सांगितलं.

*

एकदा जेवण झाल्यावर आरशात घसा बघितला, तर पांढरा पापुद्रा, घटसर्पात येतो तसा! धावत रफिकभाईंकडं गेले, आ केला. त्यांनी टॉर्च मारला.

"मॅडम, डब्बे में दही था क्या?"

*

आणि मग तो स्वॅब आला. काशीबाईंचा नातू, बिडकीनचा, पाच वर्षांचा. वॉर्डात विषावरच्या उताऱ्याचा एकच डोस उरला होता आणि घसा धरलेली लेकरं होती दोन. डॉक्टर म्हणाले, "तुमच्या प्लेटवर विष दिसलं तर याला. नसेल तर दुसऱ्याला देतो."

प्लेटवर ओतलेल्या मीडियात पांढरी रेघ उमटली म्हणजे विष. काशीबाई इनक्युबेटरसमोरून हलेनात.

प्लेट बघितली. रेघ नव्हती! मी काशीबाईंना मिठी मारून चक्क रडले. लगेच वॉर्डाला फोन लावला.

"मॅडम, ठैरो!" रफिकभाई ओरडले. शेजारच्या प्लेटवर आमचा नेहमीचा जंतू होता, पक्का विषारी, तुलनेसाठी ठेवलेला. "इसकी बी लकीर नै आई!"

फोनवर डॉक्टर विचारत होते, "बोला मॅडम, दुसऱ्याला देऊ ना?"

काशीबाईंनी पदरानं डोळे पुसले. "भांड्यात काय बी ऱ्हायलं नसंल, मॅडम. माझ्या लेकराचं काम म्हणून तारेच्या घासणीनं दोनदा घासलीत म्या!"