बोर्गिल्डचा रेडिओ

माझी थोरली बहीण बोर्गिल्ड सव्वीस वर्षं एकाच खुर्चीत बसून नवऱ्याची वाट बघत आली. खुर्ची स्वयंपाकघरात, ओट्याशेजारच्या खिडकीशी, आणि खिडकीत रेडिओ. आमचे आजे नॉर्वेहून अलास्कातल्या या बेटावर आले ते मासे मारायलाच. तेव्हापासून इथल्या बायका नुसत्या वाट बघत बसतात, असं बाहेरच्यांना वाटतं. वाटू दे. मी स्वतः वीस वर्षं नवऱ्याचे दोर गुंडाळतेय, गळांना आमिष लावतेय, माझ्या बोटांना कसला वास येतो ते मला विचारा. पण बोर्गिल्डला त्यातलं काही करावं लागलं नाही. आर्विड तिला सामानाला हातच लावू द्यायचा नाही.

आर्विड, म्हणजे तिचा नवरा, भलता लपवाछपवी करणारा माणूस. हॅलिबट मासे कुठे लागतात ते प्रत्येकजण लपवतो, त्यात नवल नाही. हा मात्र कहर होता. बोटीवर एकटाच जायचा. कोणी सोबतीला येतो म्हटलं की म्हणायचा, "दोघं गेलो तर जागा दोघांना कळते." एका वर्षी त्यानं दोरांच्या खुणेसाठी पाण्यावर तरंगणारे आपले बोये काळे रंगवले, दुसऱ्या कोणाला दिसू नयेत म्हणून. मग त्यालाच सापडेनात. तीन तास स्वतःच्याच दोराभोवती घिरट्या घालत होता. बोर्गिल्ड ही गोष्ट सांगताना डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायची.

त्या काळी सरकार हॅलिबटसाठी समुद्र वर्षातून दोनदा, फक्त चोवीस तास उघडायचं. दुपारी बारा ते दुसऱ्या दिवशी बारा. वारा असो, पाऊस असो, तेवढ्या वेळात दोर टाकायचे, उचलायचे आणि मासे घेऊन घरी यायचं. सगळ्या बोटी एकमेकींचं बोलणं ऐकत असल्यामुळे नवराबायकोंच्या खुणा ठरलेल्या असायच्या. आर्विडनं "कोबी" म्हटलं की उत्तरेचा किनारा. "गाजरं" म्हटलं की दक्षिणेची सामुद्रधुनी. "बटाटे सोलून ठेव" म्हणजे बहिरा खडक. फक्त बोर्गिल्डला माहीत.

आणि मला, तिच्या धाकट्या बहिणीला, तोराला. कारण कधीतरी कॉफी पिता पिता तिनं ते मला सांगितलं, आणि त्याच दिवशी जेवताना मी माझ्या नवऱ्याला, याल्मारला, सांगून टाकलं. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे काही नवं नाही. पुढच्या खेपेला बहिऱ्या खडकापाशी आर्विडच्या बोयांशेजारी याल्मारचे बोये डुलायला लागले. आर्विड कोणालाच काही बोलला नाही. बायकोलाही नाही. आम्हाला वाटलं, सोडून दिलं त्यानं. बटाटे पुढेही तसेच सोलले जात राहिले.

पण याल्मारला चटक लागली ती लागलीच. दर वेळी अंतर ठेवून तो आर्विडच्या बोटीमागे जायचा, निघताना धक्क्यावरून ते सगळ्यांना दिसायचं. कुठे जाऊन येतो ते मला कधी सांगत नसे, माझं तोंड त्याला माहीत होतं. शेवटी नाताळात, सगळं गाव लुटेफिस्कच्या, म्हणजे भिजवलेल्या सुक्या माशाच्या, जेवणाला बसलेलं असताना, बोर्गिल्ड हातात लोण्याचं भांडं घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली.

"याल्मार, तू माझ्या नवऱ्याचा साडू आहेस की शेपूट?"

"समुद्र काय आर्विडच्या बापाचा आहे का?" याल्मार म्हणाला, पण कान लाल झाले होते.

"बापाचा नाही, पण डोकं त्याचं आहे. तुझं तू वापर की जरा! इथे सगळ्यांसमोर शपथ घे, यापुढे त्याच्या मागे जाणार नाही."

"घे रे, घे!" लोक ओरडले. याल्मारनं टेबलावर हात ठेवून शपथ घेतली. सगळ्यात जास्त मी हसले. आर्विड खाली मान घालून बटाटा कुस्करत होता.

मे महिन्यात समुद्र उघडला. मी बोर्गिल्डकडेच होते. संध्याकाळी पाचला आर्विडचा आवाज आला.

"बोर्गिल्ड, बटाटे सोलून ठेव."

"किती रे?"

"बरेच. पाहुणे पुष्कळ दिसतायत."

पाहुणे म्हणजे मासे. ती खूश झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला तो पुन्हा बोलला. "पंप कुरकुरतोय. बघतो जरा. बटाटे सोललेस ना?"

"सोलले रे बाबा. तू ये आधी."

ते शेवटचं बोलणं.

दुपारनंतर वारा सुटला. दोन वाजता तिनं हाक मारली, सव्वादोनला मारली, मग मारतच राहिली. मी कॉफी करत होते, ओतून देत होते, पुन्हा करत होते. दुसरं काय करणार? साडेतीनला तिनं जन्मात केलं नव्हतं ते केलं. सगळ्या बोटींना ऐकू जाईल असं, स्वच्छ शब्दांत सांगितलं, "आर्विड बहिऱ्या खडकावर आहे. त्याला शोधा."

बोटी गेल्या. तटरक्षकांचं विमान गेलं. त्या दिवशी उजेड असेपर्यंत आणि दुसऱ्या दिवशी पहाटेपासून त्यांनी बहिऱ्या खडकाभोवतीचं पाणी पिंजून काढलं. रेडिओवरून सगळं ऐकू येत होतं. काही नाही, काही नाही, काही नाही. बोर्गिल्ड उठली नाही. मी तिच्या पायांवर गोधडी टाकली, ती खाली सरकली की पुन्हा टाकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी याल्मार स्वयंपाकघराच्या दारात आला. टोपी हातात. अंगावर अजून मेणकापडाचा कोट.

"बोर्गिल्ड," तो म्हणाला, "आर्विड बहिऱ्या खडकावर जात नाही."

"बटाटे म्हणाला तो. दोनदा म्हणाला."

"म्हणू दे. पंधरा वर्षांत तो तिथे गेलेला नाही. मी मागे जायचो ना. तो बिशपच्या पायरीवर दोर टाकतो, खोल पाण्यात. खडकापासून चाळीस मैल."

ती त्याच्याकडे वळली. "तुला कालपासून माहीत होतं?"

"मला वाटलं, या वर्षी बदललं असेल. तू बायको आहेस, तुला माहीत असणारच. आणि रेडिओवर सगळ्या बोटींसमोर..." तो थांबला. सगळ्या बोटींसमोर चोर ठरायची लाज वाटली, एवढंच होतं ते. ही लाज बाहेरच्या कोणाला समजायची नाही. आमच्याकडे सगळ्यांना समजली, म्हणून पुढे कोणी त्याला तोंडावर काही बोललं नाही. "आणि यंदा मी मागे गेलो नाही," तो म्हणाला. "शपथ घेतली होती."

बोर्गिल्ड रेडिओकडे वळली आणि तिनं जागा सांगितली. आवाज अजिबात कापला नाही.

बिशपच्या पायरीवर दोन बोये सापडले. आर्विडचेच, त्याच्या नंबराचे. बोट नव्हती, माणूस नव्हता. आमच्या पाण्यात माणूस किती तास टिकतो ते इथे शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं. तरी पुढचे दोन दिवस शोधलं.

शेवटी याल्मारनं आर्विडचा दोर उचलला. दुसऱ्याच्या दोराला इथे कोणी हात लावत नाही, पण माणूस गेला तर त्याचे मासे घरी पोचवायचे असतात. चार दिवस पाण्याखाली राहिलेला तो दोर. रेतीतल्या पिसवांनी, म्हणजे समुद्रतळाच्या बारीक किड्यांनी, मासे आतून खाऊन टाकले होते. गळागळाला नुसती कातडी आणि काटे. मोजकेच उशिरा लागलेले, आणि त्यांतला एक जिवंत. दाराएवढा.

पहिल्या माशाचे गाल बायकोचे, अशी आमच्याकडे रीत आहे. आर्विड ते एका पांढऱ्या कपात घालून आणायचा. याल्मारची गाल कापायची हिंमत झाली नाही. त्यानं तो अख्खा मासा हातगाडीवरून आणून बोर्गिल्डच्या मागच्या पायरीवर ठेवला. ती चाकू घेऊन बाहेर आली, गुडघ्यांवर बसली, आणि दोन्ही गाल तिनं स्वतः कापले.

"मला का नाही सांगितलं त्यानं?" ती म्हणाली. चाकू हातात तसाच होता. "सव्वीस वर्षं, तोरा. मला का नाही?"

मला उत्तर माहीत होतं. तिलाही माहीत होतं, नाहीतर तिनं याल्मारला विचारलं असतं. मी "माझ्यामुळे" म्हणाले. ती "हो" म्हणाली आणि कप घेऊन आत गेली. त्यानंतर तिनं तो विषय कधी काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

हिवाळ्यात तिनं एक वही आणली. गावाच्या सभेत उभी राहून म्हणाली, "जाण्याआधी प्रत्येकानं मला खरी जागा सांगून जायचं. मी कोणाला सांगणार नाही. माझ्या बहिणीलाही नाही." कोणी हसलं नाही. सगळे कबूल झाले.

पुढच्या मे महिन्यात माणसं एकेक करून तिच्या स्वयंपाकघरात गेली. दार लावून जागा सांगायची आणि बाहेर यायचं. मी धक्क्यावर याल्मारच्या बोटीत सामान चढवत होते. तो तिच्याकडून परतला.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"खरं?"

"मग काय खोटं? बहिरा खडक. आता तो काय लपवायचा, सगळ्या गावाला माहीत आहे."

बहिऱ्या खडकापाशी पाणी साठ वाव खोल, वाव म्हणजे सहा फूट. बोयाला तेवढाच दोर लागतो, वर थोडा. बोटीत मी स्वतः गुंडाळलेली वेटोळी होती, साठाची. त्यांच्या मागे ताडपत्रीखाली आणखी दोन होती. ती मी गुंडाळलेली नव्हती. मी ताडपत्री उचलली. दोनशे वावांची. एवढं खोल पाणी आसपास एकाच ठिकाणी आहे, बिशपच्या पायरीवर.

"दोर लांब घेतलायस," मी म्हणाले.

"असू दे. लागला तर."

त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. मी ताडपत्री पुन्हा नीट खोचली. बोर्गिल्डला सांगावं, तर पुन्हा माझंच तोंड, आणि मग तिच्या वहीत कोणीच काही सांगायला येणार नाही. न सांगावं, तर... बोट सुटली. मी दोरी धक्क्यावरून आत फेकली, सवयीनं.

मी बोर्गिल्डकडे गेले. तिनं रेडिओ लावला होता, वही उघडी होती. "याल्मारचं एवढं लिहायचं राहिलंय," असं म्हणत तिनं पेन घेतलं आणि सावकाश, सुवाच्य अक्षरात लिहिलं, बहिरा खडक. मी शेजारी बसून ते लिहिताना पाहिलं.