टाकीचं बूच

हे मी कुणाला बोलले न्हाय. आईला न्हाय, बहिणीला न्हाय, आमच्या ह्यांना तर न्हायच न्हाय. देवासमोर उभी राहिले की भलतंच कायतरी मागते, पटकन मागते आन् निघते — म्हंजी त्यानं मधीच काय इचारायला नको. तुला सांगते. का सांगते ते मला बी कळत न्हाय. फकस्त मधी थांबवू नगंस, थांबले तर परत माझ्याच्यानं व्हायचं न्हाय.

सातवीच झालीय माझी, तवा पुढचं मागं हुईल कायतरी, तेवढं चालवून घे.

माहेर माझं कोऱ्हाळ्याचं, बुद्रुकचं. तितं पाणी म्हंजी पाटाचं — उसात सोडायचं, भिजलं की बंद करायचं. आपल्या हातातलं पाणी. आन् सासर हे असं, इंदापूरच्या कडंला, उजनीच्या फुगवट्यावर. दारात उभं राहिलं की पाणीच पाणी. पलीकडचं गाव दिसतं, गावातलं माणूस दिसत न्हाय. पाटाचं पाणी कसं आवाज करत येतं, ह्ये करत न्हाय. जे आवाज करत न्हाय त्याचा भरवसा कसा धरायचा? मी चूलसुदिक फिरवून घेतली, पाण्याकडं पाठ व्हावी म्हणून. सासूबाई हसल्या. हसू देत.

आमचे हे वालचंदनगरकडं एका ठेकेदाराच्या हाताखाली वेल्डिंग करायचे. आमची लेक, परी, तवा रांगत व्हती. आन् एक दिवस घरी येऊन म्हणले, बोट बघितलीय.

बोट म्हंजी होडी न्हाय, बरं का. दोन लांबड्या लोखंडी टाक्या, त्याच्यावर फळ्यांचं पाटातन, वर पत्र्याचं छप्पर. त्यांनी मोबाईलमधी दाखवलं — पॉन्टून म्हणत्यात तिला, ही उलटत न्हाय, हिच्यावर खुर्च्या टाकून म्हाताऱ्या माणसांना बी पक्षी बघायला नेता येतंय. थंडीत इकडं लांबलांबून फ्लेमिंगो बघायला माणसं येत्यात ना, त्यांच्यासाठी. ठेकेदाराच्या शिव्या खायच्या बंद, म्हणले. बोलताना त्यांचं तोंड असं झालं व्हतं की मला भ्याच वाटलं. लग्नात बी असं न्हवतं झालं.

बोट हमीदचाचांची. चाचा काठावर जुनी जाळी, जुनी इंजनं घ्यायचे-इकायचे. पिंपरणीच्या झाडाखाली बसायचे बाजेवर, आल्यागेल्याला चहा. ही बोट त्यांची सोताची, पाय गेले तशी पडून राहिली व्हती. आन् किंमत? भंगाराच्या भावात. मी म्हणले, येवढी सस्त का? ह्ये म्हणले, जुनी हाय म्हणून. मी म्हणले, मंग दुसऱ्या कुणी का घेतली न्हाय? तर परत मोबाईल काढला.

बघ आता — तू असतीस तर तुला आला नसता संशय? मला आला. मला सगळ्याचाच आला. चाचा चहा पाजत्यात ते का पाजत्यात? ह्ये कामावरनं सुटले की थेट घरी का येत न्हाईत, काठाला का जात्यात? तिच्यावरनं कुणी बुडून मेलं असंल आन् गावानं आमच्यापासनं दडवलं असंल. मी शेजारी इचारलं, हिथं इचारलं, तिथं इचारलं. सगळी न्हाय म्हणली. सगळी एकसारखीच न्हाय म्हणली म्हणून मला जास्तच वाटाय लागलं.

आन् त्यात रंग. येक दिवस बघते तर बोटीला निळा रंग दिलेला, ताजा, वास येत व्हता. जी चीज भंगाराच्या भावात द्यायची तिला रंग कोण देतं? काय झाकायला? मी ह्यांना तसं बोलून दाखवलं. ह्ये चिडले न्हाईत, तेच मला खुपलं. म्हणले, "रंगाखाली काय हाय ते पाणी सांगंल की. टाक्या चांगल्या निघाल्या तर वरचं सगळं मी नवं करतो, माझ्या हातानं. टाक्या गेलेल्या असल्या तर सोडून द्यायची. मंग तर झालं?"

काठावर तशी रीतच हाय. जुनी बोट घ्यायची तर आधी तिला पाण्यात सोडायची, वर वाळूच्या गोण्या रचायच्या आन् रातभर तशीच ठिवायची. सकाळी सपाट राहिली तर सौदा. कलली तर ज्याची त्यानं न्यायची. कागद न्हाय, काय न्हाय. पाणी म्हणंल ते खरं.

म्हंजी सगळं त्या टाक्यांवर आलं व्हतं. कळलं ना तुला? त्यांचं कामावरनं सुटणं, माझं भ्या, परी त्या पाण्यावर खेळणार का न्हाय — सगळं.

त्या दिवशी दुपारी मी भाकरी घेऊन गेले. बोट काठावरच व्हती, मागचा भाग उताराकडं. ह्यांनी मला हौसेनं फिरवून दाखवली. प्रत्येक टाकीच्या मागच्या तोंडाला, खालच्या अंगाला, येक बूच असतं आट्याचं. आत पाणी साठलं तर काढायला. ह्याच्यावर लक्ष ठिवायचं, म्हणले, बाकी ही बुडत न्हाय. परीला उचलून त्यांनी पाटातनावर ठिवली, ती टाळ्या वाजवाय लागली, आन् मी तिला लगेच खाली घेतली.

मंग ह्ये आन् चाचा गोण्या आणायला ट्रॅक्टरकडं गेले. चाचा काठी टेकत, ह्ये त्यांच्या चालीनं, हळूहळू.

औजारांची पिशवी तितंच व्हती.

मी पाना घेतला. येका टाकीचं बूच धरलं. लई आवळलेलं व्हतं, मला वाटलं हलायचंच न्हाय, आन् न्हाय हललं तर बरं असं बी वाटलं — खरंच वाटलं, खोटं न्हाय सांगत. पण हललं. मी ते सैल केलं, पार सैल, नुसतं आट्यावर टेकलेलं, बघणाराला वाटावं लावलेलंच हाय. कुणी येतंय वाटून पाना भाकरीच्या फडक्यात गुंडाळला आन् परीला काखंत घेऊन घरी आले. हाताला निळा रंग लागला व्हता. राखंनं घासला.

भ्याच्या पोटी केलं, असं म्हणता येईल. येईल ना? मी सोताला तसंच म्हणत आले. पण थांब, अजून व्हायचंय.

सांजच्याला बोट पाण्यात सोडली, वर गोण्या रचल्या, आन् सकाळी गाव जमला काठाला. बोट येका अंगावर पडलेली, म्हशीगत. गोण्या घसरून पाण्यात. ट्रॅक्टरला दोर लावून वर वढत व्हते. ह्यांचं तोंड मी बघितलं न्हाय, बघवलं न्हाय. मी गेले व्हते ती पाना परत ठिवायला, कारण ह्ये सकाळपासनं पाना शोधत व्हते. काखंत परी, पाना पदराखाली धरलेला. पाना ठिवायचा आन् निघायचं, येवढंच मनात.

बोट निम्मी वर आली आन् ट्रॅक्टरचं चाक चिखलात बसलं. सगळी तिकडं धावली. चाचा मागनं म्हणाले, "आधी कुणी काय बोलू नका. बूच बघा. बुचातनं गेलं असंल."

आन् मी बुचापाशीच उभी व्हते. बुचातनं बारीक धार लागली व्हती. चाचा काठी टेकत येत व्हते. त्यांनी ती धार बघितली असती तर संपलं व्हतं — बूच सैल, आवळलं की झालं, बोट चांगली. परत पाण्यात सोडली असती, सपाट राहिली असती, ह्ये हसले असते.

मी परीचं पाय धुते असं करून खाली बसले आन् पान्यानं बूच आवळलं. गच्च. धार बंद झाली.

सैल केलं ते भ्या व्हतं. आवळलं ते काय व्हतं? तवा कसलं भ्या? चाचा असे येत व्हते, मला बघून म्हणाले, "सर पोरी, चिखल हाय, पडशील." आन् मी सरले.

त्यांनी बुचाला हात लावला. फिरवून बघितलं. परत बघितलं. सगळी त्यांच्या तोंडाकडं बघत व्हती. त्यांना खोटं बोलता आलं असतं गं, कोण बघाय येणार व्हतं? सैल हाय म्हणायचं आन् मोकळं व्हायचं. पण ते म्हणाले, "बूच तर गच्च हाय."

सोताच्या तोंडानं म्हणाले.

मंग काय राहिलं? मंग पाणी पत्र्यातनं आलं. मंग पत्रा कुजलेला. मंग रंग झाकायला दिलेला. मी ज्ये घरात बोलले व्हते त्येच आता सगळी बोलाय लागली, आन् मला इचारलं बी न्हाय कुणी. ह्यांनी चाचांकडं पाठ केली. तेच वाईट. नुसते गोण्या उचलाय लागले.

काठाला खंडोबाचं ठाणं हाय. तितले तात्या, ज्ये पूजा करत्यात, ते म्हणाले, चाचा, भंडारा उचला. मला ठाऊक न्हवतं असं म्हणून उचला, विषय संपला. आमच्यात भंडारा उचलून खोटं कुणी बोलत न्हाय. बोललं तर ते घरावर येतं, लेकरावर येतं, असं म्हणत्यात.

चाचा जरा हसले. म्हणाले, "तात्या, तुमच्या देवाला हळद जास्त झाली व्हय, माझ्या हाताला फासताय ती?" पण उचलला. मूठ भरून उचलला. म्हणाले, "मी ह्या टाकीतलं काय बी दडवलं न्हाय. रंग माझ्या पोरीनं दिला. बापाची बोट दुसऱ्याच्या दारात जाताना चांगली दिसावी म्हणून."

कुणीतरी मागनं पुटपुटलं, "त्याला काय, त्याचा देव येगळा." दोघंतिघं हसली.

मी ऐकलं. तुला सांगू? मला बरं वाटलं. चाचांवर कुणी इश्वास ठिवला न्हाय तर माझ्याकडं कुणी बघायचं न्हाय — तेवढंच कळत व्हतं मला. ती माणसं माझ्या आधीपासनं तयारच व्हती का काय, कुणास ठाऊक, पण चाचांच्या जागी तात्यांची बोट असती तर ती अशी हसली असती का? मी नुसती जागा दावली, पाय त्यांनी टाकला. न्हाय, तसं बी नको म्हणायला. मीच.

तात्यांनी राहिलेला भंडारा परीच्या कपाळाला लावला. मी घरी येऊन तो पुसला. पुसताना वाटलं, पुसला म्हणून जास्त लागंल का कमी लागंल? तवापासनं ती शिंकली तरी माझा जीव जाग्यावर राहत न्हाय. ताप आला की डॉक्टरकडं आधी मी धावते, सगळी म्हणत्यात आई लई हळवी हाय. हळवी.

बोट चाचांनी भंगारात काढली. तोडायला गॅस कटर लागतो, तर तोडायला बोलावलं कुणाला? ह्यांनाच. हातात काम व्हतं, गेले. सांजच्याला आले, हात न धुता ओट्यावर बसले. म्हणले, "आख्खी टाकी उभी चिरली. आतनं बाहेरनं बघितली. पत्र्याला कुठं भोक न्हाय गं. तसला पत्रा आता मिळत बी न्हाय."

माझ्याकडं बघत व्हते का पाण्याकडं, मला आजून ठरवता येत न्हाय.

तवा तरी बोलायचं ना? दोघंच व्हतो. परी झोपली व्हती. चाचा बाजेवर बसलेले व्हते आजून, जाऊन पाय धरता आले असते. मी म्हणले, "रंगानं बुजलं असंल."

ह्ये मान हलवून उठले. दुसऱ्या दिवशी ठेकेदाराकडं गेले. आजून जात्यात. पक्ष्यांचं नाव काढत न्हाईत. मोबाईलमधी आता नुसते ट्रॅक्टर बघत्यात.

चाचांकडं जुनं घ्यायला कुणी जाईना. जाळं घेतलं तरी उलटंपालटं करून, उजेडात धरून, त्यांच्या तोंडावर. चाचा काय म्हणायचे न्हाईत, चहा इचारायचे. मंग चहाला बी कुणी थांबंना. मग त्यांची लेक येऊन त्यांना बारामतीला घेऊन गेली. जायच्या दिवशी ती माझ्या दारावरनं गेली. मी पाठ करून भाकऱ्या थापत व्हते. थांबली, असं वाटलं मला. तिला ठाऊक असंल का? मी वळले न्हाय.

परी आता शाळंत जाती. मागच्या बाजारी आमी इंदापूरला गेलो व्हतो, तिच्यासाठी जुनी सायकल घ्यायला. दुकानदारानं येक काढली, चकचकीत, ताजा लाल रंग. ह्यांनी चाक फिरवून बघितलं आन् हसत म्हणले, "चाचाची बोट तर न्हाय ना ही?" दुकानदार बी हसला. त्याला कळलं. इंदापुरातल्या दुकानदाराला कळलं, म्हंजी कुठवर गेलंय बघ. रंग देऊन फसवलं की आता आमच्याकडं सगळी असंच म्हणत्यात. पोरं खेळताना म्हणत्यात.

मी बी हसले. सगळी हसत व्हती.

येताना यष्टीत परीनं इचारलं, "आई, चाचा म्हंजी कोण?"

ह्ये पुढच्या बाकावर व्हते. ऐकत असतील, नसतील. मी तिची येणी सारखी केली. म्हणले, "कुणी न्हाय बाळा. म्हणायची पद्धत असती तशी."