दिव्याखालचा पारा

आई आयर्लंडमध्ये लेटरकेनीला आमच्याकडे आली त्या उन्हाळ्यात तिची एकच कुरकुर होती, की समुद्र इतका जवळ असून घरातून दिसत का नाही. मी इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर. शेवटी एका सुट्टीच्या दुपारी तिला गाडीत बसवलं आणि तासाभरावरच्या लहानशा बंदराकडे निघाले. तिथे ब्रिटिशांच्या अमलातलं दीपगृह आहे आणि उन्हाळ्यात ते आतून बघता येतं, एवढंच मला ठाऊक होतं.

आई मालवणजवळची. मनोरा दिसताच म्हणाली, "हो तर आमच्या थंयच्या दिव्यासारखोच गो! गोऱ्यांनी सगळीकडे एकच नकाशो वापरलो काय?"

दीपगृह दाखवायला एक आयरिश बाई होती. सत्तरी कधीच ओलांडलेली, पण ताठ. तिचा जन्म तिथल्याच रखवालदारांच्या घरात झालेला. त्या दुपारी आम्ही दोघीच पाहुण्या, त्यामुळे ती निवांत बोलत होती. दिवा आधी तेलावर कसा जळायचा, साहेब लोक बोटीतून तपासणीला येऊन पितळेवर बोट कसं फिरवून बघायचे, हे ती सांगायची आणि मी आईला मराठीत.

जिना चढून वर गेलो, तर तिथे माणसापेक्षा उंच भिंग होतं.

"हे एका बोटाने फिरायचं," ती कौतुकाने म्हणाली. "खाली पाऱ्याचं कुंड होतं, त्यावर तरंगायचं. काही वर्षांपूर्वी मास्क घातलेली माणसं आली आणि तो पारा काढून घेऊन गेली."

"तो साफ कोण करायचं?" मी सहज विचारलं.

"आधी आजोबा, मग माझे काका. धूळ बसली की भिंग जड फिरायचं. मग सगळा पारा फडक्यातून गाळायचा. काका सांगायचे, लहानपणी आजोबा त्यांना तो तळहातावर खेळायला द्यायचे." मग तिने खिडकीबाहेर पाहिलं. "दोघंही वेडे झाले. आजोबा वेड्यांच्या इस्पितळातच वारले. काकाही. एकटेपणाने होतं तसं, लोक म्हणतात."

खाली धक्क्यावर मासळीच्या पेट्या उतरत होत्या. शाळा, दुकान, दारूचा गुत्ता, सगळं हाकेच्या अंतरावर. इथे कसला एकटेपणा?

"त्यांचे हात कापायचे?"

ती चमकली. "हो. काकांना कपसुद्धा धरता यायचा नाही."

"अनोळखी माणसाला घाबरायचे? लाजायचे? आणि मधेच उगाच संतापायचे?"

"कुणी आलं की काका कपाटामागे जाऊन उभे राहायचे. एवढा मोठा माणूस. तुला हे कुणी सांगितलं?"

"आणि तुमचे वडील?"

"ते मासेमार. उंचीची फार भीती, त्यामुळे वर कधी आलेच नाहीत. त्यांना काही झालं नाही. पण रक्तातच आहे म्हणायचे सगळे. एखादी पिढी सोडून उतरतं म्हणे."

आईला इंग्रजी जेमतेम कळतं, पण चेहरे कळतात. तिने माझी बाही ओढली. "बोटात आंगठी नाय तिच्या. तिका इचार, लगीन कित्याक करूक नाय?"

मी हळूच, चाचरत विचारलं. बाई रागावली नाही. म्हणाली, "एक होता. ठरलंही होतं. मीच नाही म्हटलं. वेड्या मुलांना जन्म द्यायचा नव्हता मला."

सांगावं की गप्प बसावं, मला कळेना. या वयात हे ऐकून तिला काय मिळणार होतं? पण मला ते गिळता येईना. मी म्हटलं, मी लेटरकेनीच्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे; मेलेल्या माणसांचं निदान मी करू शकत नाही, पण पाऱ्याची वाफ वर्षानुवर्षं बंद खोलीत छातीत गेली की अगदी हेच होतं. हात कापतात, स्वभाव पालटतो. ज्यांनी तो हाताळला त्या दोघांनाच झालं. ते रक्तात असेल असं मला वाटत नाही.

तिने कठड्याला धरलं. तिच्या तोंडाचा रंग उडालेला मी पाहिला. मी नाडी बघायला पुढे झाले, तर तिने हात झटकला.

"आय अ‍ॅम ग्रँड," ती म्हणाली, म्हणजे मी अगदी ठीक आहे. इथे काहीही झालं तरी माणसं हेच म्हणतात. मग म्हणाली, "तो अजून इथेच राहतो. त्याच्या नाती माझ्याकडून तिकिटं घेतात."

मी ते आईला सांगितलं. आई काही न विचारता तिच्याजवळ गेली, तिला जिन्याच्या पायरीवर बसवलं आणि शेजारी बसून तिच्या पाठीवरून हात फिरवू लागली. "रड गो बाय, रड," म्हणत राहिली. ती रडली नाही. नुसती त्या भिंगाकडे बघत राहिली. एका माणसाचं सगळं आयुष्य मी दोन वाक्यांत उलटंपालटं केलं होतं.

परतताना आई एवढंच बोलली, "बरा केलंस. पण ह्या तिका आधी कोणीच कसा सांगूक नाय?"

दोन आठवड्यांनी वॉर्डातल्या फोनवर मला बोलावणं आलं. तीच होती. नमस्कार-चमत्कार काही नाही. "माझ्या भावाचा मुलगा डब्लिनला असतो, ब्युमॉन्ट भागात," ती म्हणाली. "त्याने आणि त्याच्या बायकोने मूल होऊ द्यायचं नाही ठरवलंय. आमच्या रक्तामुळे. मी सांगितलं तर म्हणतो, म्हातारीला कुणीतरी काहीतरी भरवलंय. तू बोलशील?"

संध्याकाळी गाडीत बसूनच मी त्याला फोन केला. त्याने मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी विचारलं, "तुम्हाला खात्री आहे?"

"शंभर टक्के नाही. पण मी तुमच्या जागी असते, तर या भीतीपोटी थांबले नसते. तिथल्या एखाद्या तज्ज्ञाला दोघं मिळून भेटा."

मग तो म्हणाला, "बायको स्वयंपाकघरात आहे. हे मी तिला कसं सांगू, तेच सुचत नाहीये." आणि फोन न ठेवता तो तिला हाका मारत आत गेला.