आईचा टीव्ही

नव्या खोक्यातल्या थर्माकोलचा वास आला की अजून माझं डोकं फिरतं. चौलच्या घरासाठी मोठा टीव्ही घ्यायला आम्ही अलिबागच्या दुकानात गेलो, तेव्हा आईने एकच विचारलं होतं, "आमच्या ओटीवर उजेड लय, दुपारचं दिसंल ना?" विक्रेत्याने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. दुकानातले दिवे मालवून तो माझ्या भावाला ओएलईडी टीव्हीवरचा काळाभोर काळा रंग दाखवत बसला. शेजारचा क्यूएलईडी उजेडातही लख्ख दिसत होता, मी तोच घेऊया म्हणत होते, पण भाऊ काळ्या रंगावरच भाळला. घरी दुपारी आईने मालिका लावली, तर पडद्यावर अंगणातली सुपारीची झाडं आणि तिचंच तोंड! "मग दार लाव ना," भाऊ म्हणाला. तिने बिचारीने दार लावलं. लगेच शेजारची काकी धावत आली, "दिवसाचं दार का लावलंस गो? कोनाला काय झालं काय?" आई इतकी ओशाळली, की पुन्हा तिने दाराला हात लावला नाही. आजही ती दार सताड उघडं ठेवून मालिका नुसती ऐकते. पनवेलहून भाऊ फोनवर विचारतो, "चित्र कसं दिसतं गं?" मी तावातावाने तोंड उघडणार, तोच आई म्हणते, "आवाज चांगला हाय."